जिवंत माणसाचं सुतक

कऱ्हाडहून पेणला निघाले तेव्हा आईने एवढंच विचारलं, "तिथे पापड आणि गणपती सोडून आहे काय?" मलाही फारसं ठाऊक नव्हतं. मी फोटो काढते. पोटासाठी लग्न-मुंजीचे, आणि कुणी काम दिलं तर माणसांच्या रोजच्या जगण्याचे. या वेळी काम दिलं होतं मुंबईतल्या एका मदत करणाऱ्या संस्थेने. पेण आणि रोहा तालुक्यांत ज्यांच्या कमाईचं साधन बुडालंय अशा कुटुंबांत जाऊन राहायचं, त्यांच्या मर्जीने त्यांचे फोटो काढायचे, ते बघून लोक मदत पाठवतील. संस्थेचं नाव मी लिहीत नाही. ज्या गावात राहिले त्याचंही नाही, आणि माणसांची नावं बदलली आहेत. त्यांची नावं, त्यांचे चेहरे एकदा पुरेसे हिंडून झाले आहेत.

खाडीकाठी

पेण स्टँडजवळून मिनिडोर मिळते. तीन चाकांची ही मोठी रिक्षा माणसं, गोणी आणि मासळीच्या पाट्या एकावर एक रचूनच सुटते. पौष चालला होता. गाव सोडलं आणि डाव्या हाताला वालाचे हिरवेगार वेल दिसले, म्हणून मी खूश झाले. थोडं पुढे गेल्यावर उजव्या हाताला नजर गेली आणि माझा हात कॅमेऱ्यावरच थांबला. शेतं होती, बांध होते, पण आत राखाडी पाणी साचलेलं. पाण्यातून कुजलेले भाताचे सड वर आलेले, आणि जिथे पाणी आटलं होतं तिथे जमिनीवर मिठाची पांढरी साय धरलेली. मला वाटलं ही मिठागरं. शेजारची बाई म्हणाली, "मिठागर नाय गो. भाताची शेती हाय ती. उधाणाला खांड गेली."

खांड जाणं म्हणजे खाडीचा मातीचा बांध फुटणं. मोठ्या भरतीला बांध फुटला की खारं पाणी शेतात शिरतं, आणि एकदा शिरलं की ती जमीन पुढची काही वर्षं भात देत नाही. हे मला दर्शनाने सांगितलं. तिच्याकडेच मी उतरले होते.

दर्शना चाळिशीच्या आतबाहेरची, उंच, मोठ्या आवाजाची. घर विटांचं. वर स्लॅब टाकलेला, पण भिंतींना गिलावा नाही. भात आणि मिठागर दोन्ही चालू होतं तेव्हा बांधायला काढलं, खांड गेली तसं थांबलं. घरात तिची सासू, जिला जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. मुलगी प्राची जोह्याला गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला जाते. नवरा नरेश रोह्याला एका कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली लागलेला. अष्टमीत खोली घेऊन राहतो, सुट्टीला घरी येतो.

आमच्याकडे पाहुणी आली की पाण्याचा तांब्या पुढे येतो. इथे दर्शनाने आधी एक पाटी माझ्या तोंडापुढे धरली. "बघ, जिती हायेत." पाटीत निवट्या होत्या, चिखलातले डोळे वर काढणारे मासे. एकाने उडी मारली ती थेट माझ्या कॅमेऱ्याच्या पिशवीत. मी किंचाळले, सासूबाई बोळक्या तोंडाने हसायला लागल्या, आणि त्या पिशवीचा वास आजही गेलेला नाही. त्या दिवशी जेवायला त्याच निवट्यांचं कालवण आणि तांदळाची भाकरी. आमची ज्वारीची भाकरी खरखरीत, पोटाला जाणवते. ही पांढरीशुभ्र आणि मऊ. मी किती खाल्ल्या ते दर्शनाने मोजलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी पीठ जास्त मळलेलं होतं. तांदूळ विकतचा होता. शेजारणीने सांगितलं, तांदूळ विकत आणायची वेळ या घरावर पहिल्यांदा आली होती.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला सगळं गाव बांधावर गेलं. सरकारी दुरुस्ती येईल तेव्हा येईल, तोवर आपण माती टाकायची असं ठरलेलं. खाडीच्या पात्रातून चिखलाची ढेकळं कापायची आणि हातोहात बांधापर्यंत पोचवायची. बायका, पुरुष, म्हातारे, सगळे एका रांगेत. दर्शना रांगेच्या पुढच्या टोकाला, मांड्यांपर्यंत चिखलात. पदर डोक्याला आणि गळ्याला घट्ट गुंडाळलेला, बांगड्या फुटतील म्हणून काढून पदराच्या गाठीत बांधलेल्या. तिच्या मागे वळत गेलेली माणसांची रांग. मी चौकट साधायला एक पाऊल मागे गेले आणि कमरेपर्यंत आत. माझी एक चप्पल खाडीने घेतली. रांगेने मला ढेकळासारखंच हातोहात वर काढलं आणि सगळा बांध हसला.

तेवढ्यात दर्शना कपाळावरचा घाम दंडाने पुसत माझ्याकडे वळली. तो फोटो मी काढला. चिखलातली ती आणि मागे हसणारं सगळं गाव. या कामातला माझा सगळ्यात चांगला फोटो. तिला पडद्यावर दाखवला, संस्थेला पाठवू का म्हणून विचारलं.

"पाठव," ती म्हणाली. "बघू दे लोकांना, खाडी कुठवर आली ती."

जोहे

तिसऱ्या दिवशी प्राचीबरोबर जोह्याला गेले. हमरापूर-जोहे भागात घरटी कारखाना. पत्र्याच्या शेडमध्ये शेकडो पांढरे गणपती ओळीने बसलेले, अजून डोळे नाहीत, रंग नाही. बाहेर भाताची खाचरं. आमच्याकडे गणपती भाद्रपदात येतो आणि जातो. इथे तो वर्षभर अंगणात वाळत असतो. प्राची सोंड, पितांबर, नखं रंगवते. डोळ्यांची आखणी करणारे वेगळे. "मला अजून डोले देत नाय," ती म्हणाली, "पन शिकतेय." बारावीनंतर तिला नर्सिंगला जायचं होतं. खांड गेली आणि ते राहिलं. हे तिने ब्रश न थांबवता सांगितलं.

तिथे मोबाइलला चांगली रेंज होती. मी कारखान्याच्या पायरीवर बसून निवडक फोटो संस्थेकडे पाठवले. प्रत्येकाखाली नीट लिहिलं: कोण, कुठे, घरात कोण कोण, काय घडलं. दर्शनाच्या फोटोखालीही लिहिलं, पती रोह्याला कंत्राटी कामगार.

रोहा-अष्टमी

रोह्याला पोचले ती नरेशला भेटायला. कुंडलिकेच्या एका काठाला रोहा, दुसऱ्या काठाला अष्टमी, मधे पूल. अष्टमीतल्या एका खोलीत तो आणखी तिघांबरोबर राहत होता. ठेंगणा, हसरा, सारखा बोलणारा. मी दारात उभी राहिले तर पहिला प्रश्न, "बांध कुठवर आला?" मी फोटो दाखवले. त्याने रांगेतल्या एकेकाला ओळखलं, दर्शनाशी पोचल्यावर म्हणाला, "ही चिखलात पन पुढंच."

दुसऱ्या दिवशी त्याला दुपारची शिफ्ट होती. सकाळी त्याने वालाचं बिरडं केलं. कडवे वाल भिजवून, मोड आणून, एकेक सोलून. चार पुरुष जमिनीवर बसून वाल सोलताहेत हा फोटो मला फार आवडला. त्यांच्या घरांत हे काम बायकांचं, पण इथे बायका नव्हत्या. जेवण झाल्यावर तो निळा गणवेश घालून कंपनीच्या गाडीत बसला. मी पुलावर नदीचे फोटो काढत दोनेक तास थांबले.

फोन वाजला तेव्हा मी कठड्यावर कॅमेरा टेकवून उभी होते. दर्शनाचा नंबर. उचलला. मागे बायकांच्या रडण्याचा आवाज. एकटीदुकटीचा नव्हे, घर भरून.

"ताई," दर्शनाचा आवाज अगदी कोरडा होता, "खरं सांग. तुला म्हाईत व्हतं ना?"

"काय माहीत होतं?"

"नरेश गेला ते. तुला आधीच म्हाईत व्हतं. म्हनून तू माझा तसा फोटो काढलास."

पुलावरून ट्रक जात होता. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "अगं, तो आज दुपारी माझ्यासमोर जेवून शिफ्टला गेलाय," मी ओरडले. तिकडे कुणीतरी फोन हिसकावून घेतला. नरेशची बहीण भारती, उरणकडे दिलेली. ती रडत, अडखळत जे बोलली त्यातून एवढं कळलं: तिच्या मोबाइलवर दर्शनाचा फोटो आला होता आणि त्याखाली नरेश मेल्याचं लिहिलं होतं. तिने भावाला फोन लावला तर बंद. पुन्हा पुन्हा बंद. मग ती मिळेल त्या गाडीने, वाटेत नातेवाइकांना कळवत, छाती बडवत इथवर आली होती.

मी मोबाइल उघडून बघितलं. संस्थेने फोटो टाकला होता. माझाच, पण मी काढलेला नव्हे. मागची रांग कापून टाकली होती. हसणारं गाव नाही, बांध नाही. फक्त चिखल, आणि त्यात दर्शना. गळ्याला पदर गुंडाळलेला म्हणून मंगळसूत्र दिसत नव्हतं, हात मोकळे. रंग उडवून चित्र काळंपांढरं केलेलं. त्याखाली: "पतीच्या निधनानंतर ही माऊली एकटीच चिखलाशी झुंजते आहे."

मी संस्थेत फोन लावला. मला काम देणारी बाई अतिशय गोड बोलते. ती म्हणाली, "ते प्रातिनिधिक आहे गं. दोन कुटुंबांची गोष्ट आम्ही एकत्र केली. लोकांना मनाला भिडणारं काहीतरी लागतं. आणि प्रतिसाद किती सुंदर आलाय माहितेय?"

"तिचा नवरा जिवंत आहे," मी म्हणाले. "त्याच्या घरी माणसं जमलीत."

ती म्हणाली, "अगं बाई. पण त्या गावात हे कोण बघणार, असं वाटलं होतं."

हे वाक्य मी अजून विसरू शकलेले नाही.

रिक्षा करून कंपनीच्या फाटकाशी गेले. आत मोबाइल चालत नाहीत, सगळ्यांचे फाटकावरच्या कपाटात बंद असतात. म्हणून तर नरेशचा फोन लागत नव्हता. पहारेकरी आत निरोप द्यायला तयार नव्हता. मी रडायलाच लागले, तेव्हा त्याने कुणाला तरी बोलावलं, त्याने आणखी कुणाला. शेवटी नरेश बाहेर आला, डोक्यावर हेल्मेट तसंच. माझा चेहरा बघून त्याचा रंगच उतरला.

"प्राची?" त्याने विचारलं. "काय झालं पोरीला?"

मी नाही म्हणून मान हलवली, मोबाइल त्याच्या हातात दिला. त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. मग खो खो हसला. "म्हंजे मी मेलो व्हय?" पहारेकरीही हसला. नरेशने कपाटातून फोन काढून घरी लावला, "अगो, मी बोलतोय, हाय मी, हाय!" असं ओरडला. पलीकडे एकदम गलका झाला. मग दर्शना काहीतरी बोलली आणि त्याचं हसू थांबलं.

"आईला सांगितलंन," तो मला म्हणाला. "तिला फोनवर ऐकू येत नाय. खुनेनं सांगतायत तर मानत नाय. भिंतीकडं तोंड करून बसलीय, पानी बी घेत नाय. तिला डोल्यांनी दिसलं पायजे."

ठेकेदाराचा माणूस तिथेच उभा होता. त्याने सरळ सांगितलं, शिफ्ट सोडून गेलास तर परत येऊ नकोस, बाहेर रांग आहे. मी त्याला फोटो दाखवला, समजावलं, हात जोडले. तो म्हणाला, "जिता हाय ना? मग घाई कसली?"

नरेशने हेल्मेट काढून पहारेकऱ्याच्या टेबलावर ठेवलं आणि रिक्षात बसला.

परत खाडीकाठी

भिसे खिंड, नागोठणे, गडब, वडखळ. नेहमी मी खिडकीतून बघत जाते. त्या दिवशी काहीच दिसलं नाही. नरेशला सारखे फोन येत होते. पहिल्या काहींना तो हसून सांगत होता, "हाय, हाय, मी बोलतोय." नागोठण्यानंतर त्याने फोन माझ्याकडे दिला. "तू सांग गो ताई. माझं मला सांगवत नाय आता."

गावात पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. दारात चपलांचा ढीग. अंगणात पुरुष उकिडवे बसलेले. नरेशला बघून एक म्हातारा उठला आणि मागे सरकला. खरंच मागे सरकला. फोनवर सगळ्यांना कळलेलं होतं, तरी.

आत सासूबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. नरेश त्यांच्यासमोर, भिंत आणि त्यांच्या मधे, कसाबसा शिरून उकिडवा बसला. त्यांनी वर बघितलं. कितीतरी वेळ नुसतं बघितलं. हात पुढे करून त्याचं नाक, कान, हनुवटी चाचपली. आणि मग फाडकन त्याच्या थोबाडीत मारली. दुसरी मारली. मग त्याच हाताने त्याचं डोकं छातीशी ओढलं आणि असा काही आवाज काढला, की मी तोंड फिरवलं. कॅमेरा माझ्या पिशवीत होता. तो काढावा असं मनातही आलं नाही.

भारती कोपऱ्यात डोकं धरून बसली होती. "दादूस, मीच केलं रं," एवढंच म्हणत होती. तिचं काय चुकलं? तिने वाचलं ते छापल्यासारखं होतं, माझ्या फोटोखाली होतं.

दर्शना स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिचं कपाळ मोकळं होतं. आल्या आल्या भारतीने रडत रडत तिचं कुंकू पुसलं होतं. लाल फराटा अजून भुवईपर्यंत गेलेला दिसत होता. ती नरेशकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

"वाच," ती म्हणाली. "काय लिवलंय ते सगल्यांना वाचून दाखव."

मी वाचलं. माझ्याच्याने मोठ्याने वाचवत नव्हतं, पण वाचलं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. दर्शना पुढे आली, माझ्या हातातला मोबाइल घेऊन तिने स्वतःचा तो काळापांढरा फोटो बोटांनी मोठा केला, मागे काही सापडतंय का बघितलं.

"माझ्या नवऱ्याला मारलान, ते एक," ती म्हणाली. "पन ही एकटी कोन? माझ्या मागं सारा गाव व्हता. ही पार्वती व्हती, तो गनपत व्हता. त्यांनाय मारलान काय?"

मी सांगितलं. काय पाठवलं होतं, काय लिहिलं होतं, त्यांनी काय केलं, बाई काय म्हणाली, सगळं. शेवटचं वाक्यही सांगितलं, की या गावात कोण बघणार असं वाटलं. कुणी शिव्या दिल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. अंगणातला एकजण म्हणाला, "म्हंजे आमी बगत नाय, आमाला बगायचं." आणि उठून गेला.

मी तिथेच सगळ्यांसमोर संस्थेला पुन्हा फोन लावला, मोठ्या आवाजावर. फोटो आम्ही काढून टाकला आहे, बाई म्हणाली, सगळ्यांची माफी मागते. दर्शनाने विचारलं, "ज्यांच्या मोबाइलात गेलाय त्यांच्याकडनं काढनार काय?" बाई पुन्हा माफीच मागायला लागली. मी तेव्हाच काम सोडल्याचं सांगितलं, आणि बाकीचा एकही फोटो वापरायचा नाही म्हणून बजावलं. ते मानलं की नाही, मला आजही खात्री नाही.

सगळी पांगल्यावर दर्शना आरशासमोर गेली आणि कुंकू लावलं. मग चूल पेटवली. मला वाटलं मी आता निघावं, पण तिने पीठ मळताना न वळताच विचारलं, "सुकट खातेस ना?" मी मान डोलावली. जेवताना सासूबाई नरेशच्या शेजारीच बसल्या होत्या, एक हात त्याच्या गुडघ्यावर. त्याने पाणी आणायला उठायचं केलं तर सोडेनात. प्राचीने आणून दिलं. प्राची दिवसभर कारखान्यात होती, रडारडीत तिला कळवायचं कुणाला सुचलंच नाही, तिला हे सगळं येताना मिनिडोरमध्ये कळलं. मिनिडोरमधल्या एका अनोळखी बाईने तिला फोटो दाखवून म्हटलं होतं, "बिचारी. तुमच्या बाजूचीच दिसते."

दुसऱ्या दिवशी नरेश मला पेण स्टँडवर सोडायला आला. मी नको म्हणत होते. वाटेत अष्टमीच्या खोलीतल्या मित्राचा फोन आला: कंपनीत नरेशच्या जागी दुसरा माणूस लागला होता. नरेश "बरं" म्हणाला आणि फोन खिशात टाकला. मी काही बोलायला गेले तर म्हणाला, "ऱ्हाऊ दे. बांधावर मानसं कमीच पडतायत."

स्टँडवर कऱ्हाडकडे जाणारी गाडी लागायची होती. आम्ही कँटीनच्या बाहेर उभे होतो. तेवढ्यात दुसऱ्या फलाटावरून एक बाई पिशव्या घेऊन येत होती, ती थबकली. पिशवी खाली ठेवून नरेशकडे बघतच राहिली. तो ओळखीचं हसला, हात वर केला. "हाय काकी, मी हाय." ती जवळ आली, त्याचा दंड दाबून बघितला, डोळ्यांना पदर लावला, गेली. मग एक कंडक्टर. त्यालाही हात वर. "हाय, हाय." मग स्टँडबाहेरचा फळवाला.

नरेश माझ्याकडे वळला. हसू तोंडावर तसंच राहिलं होतं, काढायचं विसरल्यासारखं.

"ताई," तो म्हणाला, "ज्यांनी मला मेलेला बघितला त्यांतले इथले भेटतील. पन बाकीचे? त्यांच्यासाठी मी मेलेलाच की गो."

गाडी लागली. चढून खिडकीशी बसले तेव्हा तो अजून तिथेच होता. जाणाऱ्या-येणाऱ्यांकडे बघत उभा, आणि कुणी टक लावून बघितलं की ओळख असो-नसो, हात वर करत होता.